मृतांची मोजदाद : १९३६ चे टोर्नाडो आणि त्यानंतर

हवामानशास्त्राच्या ग्रंथांत अमेरिकेतील सर्वाधिक जीवघेण्या टोर्नाडोंची एक यादी हमखास आढळते. पहिल्या क्रमांकावर १८ मार्च १९२५ चा, मिझुरी, इलिनॉय आणि इंडियाना ही तीन राज्ये चिरत गेलेला टोर्नाडो : मृत ६९५. दुसरा ७ मे १८४० रोजी मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ गावावर कोसळलेला : मृत ३१७. तिसरा १८९६ मधील सेंट लुईसचा : मृत २५५. चौथ्या क्रमांकावर मिसिसिपी राज्यातील तुपेलो : मृत २१६. पाचव्यावर जॉर्जिया राज्यातील गेन्सव्हिल : मृत २०३. शेवटच्या दोन नोंदींच्या तारखांपाशी वाचणारा थबकतो. एक ५ एप्रिल १९३६ ची, दुसरी ६ एप्रिल १९३६ ची. सुमारे साडेचारशे किलोमीटर अंतरावरील दोन गावे एकाच रात्रीच्या दोन टोकांना उद्ध्वस्त झाली होती. एकाच हवामानप्रणालीतून लागोपाठ अनेक टोर्नाडो उद्भवतात तेव्हा त्यास टोर्नाडोंचा उद्रेक असे म्हटले जाते. या उद्रेकात अमेरिकेच्या दक्षिणेत साडेचारशेच्या आसपास माणसे मेली.

अशी यादी वाचताना आकड्यांविषयी शंका घेण्याचे आपल्या मनात सहसा येत नाही. २१६ हा आकडा तुपेलोच्या अक्षांश-रेखांशांइतकाच निश्चित भासतो. परंतु मृतांची संख्या निसर्ग नोंदवून ठेवत नाही, माणसे नोंदवितात. आणि नोंदविणाऱ्यांना ज्यांचे अस्तित्व जिवंतपणी नोंदण्याजोगे वाटले नाही, त्यांचे मरण नोंदण्याजोगे वाटेल याची शाश्वती नसते. १९३६ च्या त्या दोन दिवसांविषयी जे वाचनात आले, त्यातून आमच्या मनात हाच विचार पक्का होत गेला. प्रस्तुत टिपणाचे प्रयोजन एवढेच.

आरंभी शब्दाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आपल्या भाषेला वावटळ ठाऊक आहे. वैशाखातल्या भर दुपारी माळावरून पाचोळा गरगरत नेणारी, क्षणात उठून क्षणात विरणारी. चक्रीवादळही ठाऊक आहे, समुद्रावर जन्मणारे, शेकडो किलोमीटरांचा विस्तार असलेले. टोर्नाडो या दोहोंहून वेगळा. जमिनीलगतची उष्ण व दमट हवा, वरच्या थरांतील थंड व कोरडी हवा आणि उंचीनुसार बदलत जाणारी वाऱ्याची दिशा व वेग यांच्या संयोगातून प्रचंड गडगडाटी मेघ स्वतःभोवती फिरू लागतो, आणि त्यातून भोवऱ्यासारखा फिरता स्तंभ जमिनीला टेकतो. त्याची रुंदी बहुधा काहीशे मीटर आणि आयुष्य बहुधा काही मिनिटे. ह्या वस्तूला मराठीत रुळलेले नाव नाही, याचे कारण आपल्या प्रदेशाला तिचा उपद्रव फारसा नाही. अमेरिकेत मात्र नाव होते, उपद्रवही होता; आणि तरीही हवामान खात्याने ते नाव उच्चारण्यास बंदी घातली होती. त्याकडे पुढे येऊच.

५ एप्रिल १९३६ हा ईस्टरपूर्वीचा रविवार होता. तुपेलो हे त्या काळी दक्षिणेतील एक होतकरू गाव समजले जाई. टेनेसी व्हॅली प्राधिकरणाची वीज विकत घेणारे पहिले शहर हा मान त्याने १९३४ मध्ये मिळविला होता, आणि ते पाहण्यास त्या वर्षी स्वतः राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट येऊन गेले होते. त्या रविवारी रात्री साडेआठच्या सुमारास टोर्नाडो गावात शिरला. अठ्ठेचाळीस गल्ल्यांचा वस्तीचा भाग उद्ध्वस्त झाला. सातशे माणसे जखमी झाली. गम पाँड नावाच्या तळ्याकाठची घरे माणसांसकट उचलली जाऊन पाण्यात फेकली गेली, आणि पुढे कितीतरी प्रेते त्या तळ्यातूनच काढावी लागली. लिरिक नावाच्या नाट्यगृहात जखमींवर उपचार झाले. तेथील पॉपकॉर्नच्या यंत्रात शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक केली, अशी आठवण त्या गावात सांगितली जाते.

गावाला लागून असलेल्या, गरिबांच्या ईस्ट तुपेलोवरचा घाला टळला. तेथे पंधरा महिन्यांचेही न झालेले एक मूल त्या रात्री वाचले. एल्व्हिस प्रेस्ली हे त्याचे नाव पुढे जगाला ठाऊक झाले. तुपेलोच्या टोर्नाडोविषयी जगात जी काही लोकप्रिय आठवण शिल्लक आहे ती बरीचशी ह्या एका वाचलेल्या मुलामुळे. जे वाचले नाहीत त्यांच्यातील अनेकांची नावेसुद्धा शिल्लक नाहीत, आणि याचे कारण वादळ नव्हे.

तुपेलोत त्या काळी गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, दफनभूमी वेगळ्या. वृत्तपत्राने जखमींच्या याद्या छापल्या त्या केवळ गोऱ्यांच्या. हे साधे वाटते, पण त्याचा परिणाम दूरवर पोहोचला. आपत्तीनंतरचे मृत्यू सगळे एकाच रात्री होत नाहीत. कोणी तिसऱ्या दिवशी जातो, कोणी तिसऱ्या आठवड्यात. जखमींच्या यादीत ज्याचे नाव आहे तो पुढे मेला तर एक नाव ह्या यादीतून त्या यादीत जाते. ज्याचे नाव जखमींतच नव्हते, त्याचे मरण कोणत्याच यादीत येत नाही. राज्याच्या भूवैज्ञानिकांनी पुढे २३३ असा अनौपचारिक आकडा दिला, आणि त्या वेळीही सुमारे शंभर जखमी रुग्णालयांत होतेच. त्यांतले कृष्णवर्णीय किती आणि त्यांपैकी घरी परतले किती, हे सांगू शकेल असा कागद तयारच झाला नाही. तेव्हा २१६ हा आकडा खोटा आहे असे म्हणता येणार नाही. तो त्या समाजाने जेवढे मोजायचे ठरविले त्याची बेरीज आहे.

ही रीत नवी नव्हती. याच मिसिसिपी राज्यातील नॅचेझची १८४० ची नोंद पाहावी. ३१७ मृतांपैकी २६९ नदीवरील नौकांमधले होते; जमिनीवर मेलेले अवघे ४८ नोंदले गेले. जखमी १०९. मृतांची संख्या जखमींहून इतकी मोठी असणे हे टोर्नाडोच्या बाबतीत अतिशय विलक्षण. नदीच्या दोन्ही तीरांवर कापसाचे मळे होते आणि मळ्यांवर गुलाम राबत होते; त्यांच्या मृत्यूंची गणती बहुधा झालीच नाही, असे हवामानाचे इतिहासकार मानतात. विरोधाभास असा की गुलाम हा त्या काळी सर्वांत काटेकोरपणे मोजला जाणारा माणूस होता. मालकाच्या खतावणीत त्याची किंमत लिहिलेली असे, आणि संसदेतील जागा ठरविताना तो तीन-पंचमांश माणूस म्हणून जनगणनेत धरला जाई. मोजदाद होती, फक्त ती त्याच्या स्वतःसाठी नव्हती.

आपल्या उपखंडाकडे पाहिले तर काय दिसते? २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात दौलतपूर आणि साटुरिया या भागांवर टोर्नाडो आला. जगाच्या इतिहासातील सर्वांत प्राणघातक टोर्नाडो म्हणून त्याचा उल्लेख होतो आणि मृतांचा आकडा दिला जातो ‘सुमारे तेराशे’. ही पूर्णांकी संख्याच पुरेशी बोलकी आहे. गरिबांचे मरण जगाच्या नोंदवहीत ‘सुमारे’ ह्या शब्दामागून येते.

आता पुन्हा १९३६ कडे. तुपेलोनंतर बारा तासांनी, सोमवारी सकाळी साडेआठच्या सुमारास, गेन्सव्हिलच्या पश्चिमेस दोन टोर्नाडो एकत्र आले आणि गावाच्या बाजारपेठेतून गेले. न्यायालय, नगरपालिका, दुकाने पडली. साडेसातशे घरे भुईसपाट झाली. १६०० माणसे जखमी झाली. पण ह्या दिवसाचे सर्वांत दारुण दृश्य कूपर विजार कारखान्याचे. बहुमजली इमारत, आठवड्याचा पहिला दिवस, सकाळची पाळी नुकतीच सुरू झालेली, आणि शिलाईयंत्रांवर बसलेल्या बहुतांशी तरुण मुली. इमारत कोसळली आणि ढिगाऱ्याने पेट घेतला. किमान सत्तर जण तेथे मेले. एकाच इमारतीत टोर्नाडोमुळे इतके बळी अमेरिकेत अन्यत्र कोठेही गेलेले नाहीत. गावाबाहेरच्या पॅकोलेट गिरणीत त्याच वेळी साडेपाचशे कामगार होते. त्यांना इमारतीच्या ईशान्येकडील, त्यातल्या त्यात सुरक्षित समजल्या जाणाऱ्या भागात हलविता आले आणि ते बचावले. तेच गाव, तेच वादळ, आणि कामगारही तसेच. फरक पडला तो हलण्यास मिळालेल्या काही मिनिटांचा आणि हलण्याजोग्या जागेचा.

गेन्सव्हिलला हे प्रथमच घडत होते असेही नाही. १ जून १९०३ रोजी तेथे टोर्नाडोने सुमारे शंभर बळी घेतले होते, आणि त्या वेळीही सर्वाधिक हानी एका कापडगिरणीच्या वरच्या मजल्यांवर झाली होती. तेथे काम करणाऱ्यांत लहान मुलांचा भरणा होता. तेहतीस वर्षांच्या अंतराने दोनदा एकाच गावात मृत्यूने कामगारांना यंत्रापाशी गाठावे, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. टोर्नाडो माणूस निवडत नाही; कोणत्या वेळी कोण कोणत्या छपराखाली असेल हे मात्र आधीच ठरलेले असते, आणि ते ठरविणारी व्यवस्था माणसांची असते.

मग पूर्वसूचना का नव्हती? रविवारी रात्री तुपेलो पडले होते. सोमवारी सकाळी विजार कारखान्यातील यंत्रे नेहमीप्रमाणे सुरू झाली. येथे तो बंदी घातलेला शब्द समोर येतो. १८८० च्या दशकात लष्कराच्या संदेशवहन दलातील जॉन पार्क फिनली ह्या अधिकाऱ्याने शेकडो टोर्नाडोंच्या नोंदी गोळा करून १८८४ मध्ये त्यांचे प्रायोगिक भाकीत करण्यास आरंभ केला. पण त्या दशकाअखेर वरिष्ठांनी भाकितांत ‘टोर्नाडो’ हा शब्द वापरण्यासच मनाई केली. भाकीत चुकेल, लोक घाबरतील, आणि प्रत्यक्ष वादळाहून घबराटीनेच अधिक नुकसान होईल, असा युक्तिवाद होता. ही मनाई अर्धशतक टिकली. १९२५ मध्ये ६९५ माणसे मेली तेव्हा ती होती. १९३६ मध्येही होती. १९३८ मध्ये ती काहीशी सैल झाली. २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर फॉबुश आणि मिलर या दोन लष्करी हवामानतज्ज्ञांनी टोर्नाडोचे भाकीत केले व ते खरे ठरले. १९५० मध्ये हवामान खात्याच्या प्रमुखांनी शब्दावरचा उरलासुरला निर्बंध दूर करणारे परिपत्रक काढले. १९५३ मध्ये वेको, फ्लिंट आणि वुस्टर येथे एकाच हंगामात तीनशेहून अधिक बळी गेल्यावर सूचनायंत्रणा खऱ्या अर्थाने उभी राहू लागली. त्यानंतर एका टोर्नाडोत शंभराहून अधिक माणसे मरण्याचा प्रसंग अमेरिकेत एकदाच आला, २०११ मध्ये जॉप्लिन येथे.

भाषेच्या अभ्यासकांनी ह्या प्रकरणाकडे अवश्य पाहावे असे आम्हांस वाटते. शब्द उच्चारला नाही तर भय उत्पन्न होणार नाही, ही समजूत आपल्या परिचयाची आहे. आपल्याकडेही रात्री सापाला साप न म्हणता ‘लांबडं’ म्हणण्याची चाल होती. पण ती चाल सापाची भीती असलेल्या माणसाने स्वतःसाठी पाळलेली असते. येथे ज्यांना ज्ञान होते त्यांनी, ज्यांचे प्राण जाणार होते त्यांच्यापासून शब्द दूर ठेवला. १९३६ चे विज्ञान तुपेलो वाचवू शकले असते असा दावा करणे धाडसाचे ठरेल. परंतु ज्या वस्तूचे नाव घेण्यास मनाई आहे तिच्या भाकिताचे शास्त्र वाढावे तरी कसे?

आपत्तीनंतर तीनच दिवसांनी, ९ एप्रिलला, रूझवेल्ट रेल्वेने गेन्सव्हिलला आले. केंद्र शासनाचा पैसा आला. नवे न्यायालय, नवी नगरपालिका उभी राहिली. २३ मार्च १९३८ रोजी पुनर्निर्मित चौकाच्या समर्पणास ते पुन्हा आले. वास्तविक हा कृतज्ञतेचा सोहळा. पण त्या व्यासपीठावरून त्यांनी दक्षिणेतील मजुरी अतिशय कमी आहे, लोकांना क्रयशक्ती नाही, आणि ही अर्थव्यवस्था सरंजामी वळणाची आहे, असे खडे बोल सुनावले. त्याच वर्षी दक्षिण हा राष्ट्रापुढील क्रमांक एकचा आर्थिक प्रश्न आहे असेही ते म्हणाले. ढिगाऱ्याखालून वर आलेल्या गावात उभे राहून मजुरीविषयी बोलणे यात एक औचित्य होते. विजार कारखान्यातल्या मुली काय मजुरीवर त्या मजल्यांवर बसल्या होत्या, हा प्रश्न त्यांच्या मरणापासून वेगळा काढता येत नाही.

तथापि पुनर्वसनाची दुसरी एक कथा त्या चौकापासून थोड्या अंतरावर घडत होती, आणि तिचे समर्पण कोणी केले नाही. वादळात घरे गेलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी गावाच्या दक्षिणेकडे एक वस्ती वसविण्यात आली. नाव न्यूटाउन. जागा निवडली ती पूर्वी गावाचा कचरा टाकला जाई ती. वस्तीभोवती पुढे कारखाने येत गेले. त्यांचा धूर, वास आणि भुकटी घरांवर उतरू लागली. वादळ काही मिनिटांत ओसरले होते. वादळानंतर मिळालेल्या जागेने मात्र पुढच्या पिढ्यांपर्यंत आपला हिशेब चालू ठेवला.

१९५० मध्ये ह्या वस्तीतील काही स्त्रियांनी एक मंडळ काढले : न्यूटाउन फ्लोरिस्ट क्लब. हेतू साधा होता. वस्तीत कोणी आजारी पडले तर शुश्रूषा करायची, कोणी गेले तर वर्गणी काढून अंत्ययात्रेसाठी पुष्पचक्र आणायचे. गरिबाच्या शवपेटीवरही फुले असावीत एवढाच आग्रह. पण फुलांचा हिशेब ठेवता ठेवता त्यांच्या ध्यानात येऊ लागले की फुले फार वेळा आणावी लागतात, आणि आजार तेच ते आहेत : घशाचा व तोंडाचा कर्करोग, ल्युपस. मग ह्या स्त्रिया घरोघरी जाऊन विचारू लागल्या, नोंदी ठेवू लागल्या. शासकीय आरोग्य विभागाने पाहणी केली; काही कर्करोगांचे प्रमाण अधिक असल्याचे मान्य केले, पण दोष रहिवाशांच्या राहणीमानावर, तंबाखू आणि मद्यावर ठेवला. मंडळाने ते स्वीकारले नाही. पुष्पचक्रांपासून निघालेले हे मंडळ पर्यावरणीय न्यायाच्या चळवळीत ओळखले जाऊ लागले. इतिहासकार एलन ग्रिफिथ स्पिअर्स यांनी मंडळाच्या सहकार्याने त्याचा इतिहास १९९८ मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

ह्या ठिकाणी आम्हांस तुपेलोच्या त्या अपुऱ्या यादीची आठवण होते. १९३६ मध्ये ज्यांचे मृत नोंदले जाण्याची शाश्वती नव्हती, त्या समाजाच्या स्त्रियांनी काही वर्षांनी स्वतःच मोजदाद आरंभली. त्यांच्याकडे आकडेशास्त्र नव्हते, खातेवही होती. आणि प्रत्येक नोंदीमागचा माणूस त्यांच्या ओळखीचा होता. मोजणे हे येथे शोक करण्याचेच एक रूप होते आणि पुढे तेच न्याय मागण्याचे साधन झाले. इतिहासलेखनाचा याहून प्रामाणिक आरंभबिंदू आम्हांस सांगता येणार नाही.

आज उपग्रह आहेत, रडार आहेत, हातातल्या फोनवर सूचना येतात, आणि ‘टोर्नाडो’ हा शब्द मोकळेपणाने उच्चारला जातो. तरीही १० डिसेंबर २०२१ च्या रात्री केंटकी राज्यातील मेफिल्ड येथे मेणबत्त्यांचा एक कारखाना रात्रपाळीच्या शंभराहून अधिक कामगारांसह टोर्नाडोखाली कोसळला आणि त्यांतील काही जण प्राणास मुकले. सूचना बऱ्याच आधी मिळाली होती. काम सोडून गेलात तर नोकरी जाईल असे आपल्याला सांगण्यात आले, असा आरोप काही कामगारांनी केला. व्यवस्थापनाने तो नाकारला. त्या वादात आम्ही पडत नाही. पण शब्द ऐकू आला तरी तो ऐकून उठून जाण्याची मुभा प्रत्येकाला असते का, हा प्रश्न कूपर विजार कारखान्यापासून तसाच चालत आला आहे.

गेन्सव्हिलच्या चौकात रूझवेल्ट यांचे नाव आहे. तुपेलोत एल्व्हिसचे जन्मघर पाहण्यास जगभरातून लोक येतात. गम पाँडमधून काढलेल्या सर्वांची नावे मात्र आता कोणालाही मिळणार नाहीत. म्हणून यापुढे एखाद्या आपत्तीचा आकडा वाचताना, तो आपल्या गावचा असो वा परक्या, निदान एवढे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी की ही यादी लिहिणारा कोण होता, आणि लिहिताना तो कोणत्या वस्तीपर्यंत चालत गेला होता.